पावाचा पाव

"आमच्या घराण्यात गणित नाही" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब लावायचा तर पुन्हा गणितच आलं. ऑफिसात थकबाकीचे तक्ते करायची वेळ आली की मी हे म्हणतो. कुणी "तुम्ही आर्ट्सला कसे गेलात?" असं विचारलं की म्हणतो. (आवडीने गेलो असं सांगितलं तर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही, हा भाग वेगळा.) आणि म्हणताना तोंडावर थोडं हसू असतं. घरात मधुमेह नाही हे सांगावं, तशा थाटात.

गेल्या पावसाळ्यात हे वाक्य माझ्याकडे परत आलं, मुलीच्या तोंडून.

मुलगी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि पुढचं शिक्षण अमेरिकेत घ्यायचं असं तिने ठरवलं. तिने निवडलेल्या विद्यापीठांपैकी दोन ठिकाणी जीआरई ही परीक्षा लागते. २०२० नंतर तिथल्या बऱ्याच विभागांनी ही अट काढून टाकली असं ऐकलं होतं, पण आमच्या नशिबी नेमकी न काढलेली दोन आली. परीक्षा ईटीएस नावाची अमेरिकन संस्था घेते. सप्टेंबर २०२३ पासून ती आटोपशीर झाली आहे. पूर्वी पावणेचार तास चालायची, आता दोन तासांत संपते. त्यात गणिताचे दोन भाग. पहिल्यात १२ प्रश्न आणि २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २६ मिनिटं. म्हणजे २७ प्रश्नांना ४७ मिनिटं, एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आत. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा सोपा येणार की कठीण हे ठरतं. गुण १३० ते १७० च्या दरम्यान मिळतात.

सरावाच्या पहिल्याच चाचणीत तिला गणितात १४६ पडले. तिने लॅपटॉप बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, म्हाका गणित येना. हांव तुजेर गेल्यां."

रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तिने ते असं सांगितलं, की जसा रक्तगट सांगावा. मला एकदम लक्षात आलं की हे वाक्य ती पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. चौथीत भागाकार चुकला तेव्हा ऐकलं, नववीत बीजगणित अडलं तेव्हा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी मी ते तिला धीर देण्यासाठी म्हटलं होतं!

त्या रात्री ती झोपल्यावर तिचं सरावाचं पुस्तक उघडून बसलो. सत्तेचाळीस वर्षांचा यूडीसी, बी. ए. (मराठी), समोर इंग्रजीतली गणितं. बायकोने एकदा डोकावून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली.

पहिली गंमत ही कळली, की या परीक्षेत त्रिकोणमिती नाही आणि कॅलक्युलसही नाही. आहे ते सगळं अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारी, म्हणजे दहावीच्या आसपासचंच. शिवाय २०११ पासून पडद्यावर कॅल्क्युलेटरही देतात. मग माणसं अडतात कुठे? दोनतीन रात्री बसल्यावर माझं मत असं झालं की अडतात ती वाचण्यात. गुणाकार-भागाकार यंत्र करून देतं, पण कशाला कशाने गुणायचं हे वाक्यात दडलेलं असतं. आणि वाक्यं वाचणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. एकवीस वर्षं मी सरकारी परिपत्रकं वाचतो आहे. 'वगळून' आणि 'धरून' या दोन शब्दांच्या मधे किती लोकांची पेन्शन अडकते, ते मला विचारा.

टक्क्यांचंच घ्या. केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२४ पासून ५० टक्क्यांवरून ५३ टक्के झाला. आमच्या सेक्शनमध्ये मी सहज विचारलं, भत्ता किती टक्क्यांनी वाढला? सगळ्यांनी एका सुरात "तीन" म्हटलं. मीही महिनाभरापूर्वी तेच म्हटलं असतं. पण भत्ता स्वतः ५० वरून ५३ झाला, म्हणजे पन्नासावर तीन वाढले, म्हणजे ६ टक्के. आणि मूळ पगार अधिक भत्ता असं एकत्र धरलं तर १५० चे १५३ झाले, म्हणजे हातात वाढले २ टक्के. तीन, सहा आणि दोन. तिन्ही उत्तरं बरोबर, फक्त प्रश्न वेगवेगळे. "कशाचे टक्के?" एवढं विचारलं की अर्धं काम होतं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "सहा टक्के म्हटलं की बरं वाटतं, पण बँकेत दोनच दिसतात." गणिताचा उत्तम विद्यार्थी, पण तोही स्वतःला आर्ट्सवालाच म्हणवतो.

किंवा बसचं उदाहरण. फोंड्याहून पणजीला सकाळी ताशी ३० किलोमीटरने गेलो आणि संध्याकाळी ताशी २० ने परत आलो, तर सरासरी वेग किती? हात आपोआप २५ वर जातो. अंतर ३० किलोमीटर धरा. जायला एक तास, यायला दीड. साठ किलोमीटरला अडीच तास, म्हणजे ताशी २४. का? तर सावकाश चालणाऱ्या बसमध्ये आपण जास्त वेळ बसलेलो असतो, म्हणून तिचं वजन सरासरीत जास्त. मेरशीच्या सर्कलवर रोज संध्याकाळी उभा राहणारा माणूस हे पुस्तकाशिवाय सांगेल.

भूमितीच्या आकृत्यांखाली मात्र बजावलेलं असतं की आकृती प्रमाणात असेलच असं नाही. डोळ्यांना काटकोन दिसला म्हणून तो काटकोन धरायचा नाही, तसं लिहिलेलं असलं तरच धरायचा. फॉर्म एक-चौदावर नाव कुणाचं आणि जमिनीत नारळ कोण पाडतो यातला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही सूचना नवी वाटू नये.

पण या परीक्षेचा खरा अस्सल प्रश्न निराळाच आहे. त्यात दोन राशी दिलेल्या असतात, 'अ' आणि 'ब'. त्या मोजून काढायच्या नाहीत, फक्त तुलना करायची. पर्याय नेहमी तेच चार : अ मोठी, ब मोठी, दोन्ही सारख्या, आणि चौथा म्हणजे दिलेल्या माहितीवरून संबंध ठरवता येत नाही.

हा चौथा पर्याय पाहून मी चकित झालो. शाळेत गणिताची मला जी भीती होती ती या गोष्टीची, की तिथे उत्तर एकच आणि ते ठाऊक नसलं की फळ्यासमोर उभं राहायचं. आठवीत मी असा एक पूर्ण तास उभा राहिलो आहे, हातात खडू घेऊन. मास्तर मधेमधे वर्गाला म्हणायचे, "थांबा, साहेब विचार करताहेत." वर्ग हसायचा. गणित काय होतं ते आठवत नाही, खडूची पूड घामाने तळहाताला चिकटली होती ते आठवतं. आणि इथे जगभरातली मुलं बसतात त्या परीक्षेत 'सांगता येत नाही' या उत्तराला पूर्ण गुण!

मुलीलाही हा पर्याय आवडत होता, पण वेगळ्या कारणाने. तिच्या चुकलेल्या उत्तरांची मी यादी केली (क्लार्कची सवय, तक्ता केल्याशिवाय काही समजत नाही). तुलनेचे चौदा प्रश्न चुकले होते, त्यांतल्या नऊ ठिकाणी तिने चौथा पर्याय निवडला होता. जिथे जमलं नाही तिथे 'ठरवता येत नाही'. मी तिला म्हटलं, अगो, तुला ठरवता आलं नाही आणि ठरवता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणीत तर शब्दच वेगळे आहेत. "म्हाका कळना" हे एक आणि "सांगूंक जायना" हे दुसरं. पहिलं आपल्याविषयी आहे. दुसरं प्रश्नाविषयी आहे आणि ते सिद्ध करावं लागतं.

हे मला ऑफिसने शिकवलं होतं. नोकरीला लागलो तेव्हा समजेना ती फाईल मी 'माहिती अपुरी' असा शेरा मारून परत पाठवायचो. आमच्या तेव्हाच्या अधीक्षक बाईंनी एकदा बोलावून विचारलं, "कुठली माहिती अपुरी? कुठला कागद नाही ते लिही. तो आला तर निर्णय कसा बदलेल ते लिही. नाहीतर फाईल अपुरी नाही, तू अपुरा." शब्द लागले, पण त्यानंतर तसा मोघम शेरा मी कधी मारला नाही.

परीक्षेतही तेच. 'ठरवता येत नाही' म्हणायचं तर दोन उदाहरणं दाखवायची, एकात अ मोठी येईल आणि दुसऱ्यात ब. दोन साक्षीदार हजर केले की मगच चौथ्या पर्यायावर बोट.

आता इथे मी स्वतःच कसा आपटलो ते सांगतो. प्रश्न असा होता : क्ष ही शून्यापेक्षा मोठी संख्या आहे. अ म्हणजे क्षचा वर्ग, ब म्हणजे क्ष. मोठी कुठली? मी रुबाबात म्हटलं, अ. दोनचा वर्ग चार, तीनचा नऊ, दहाचा शंभर, सरळच आहे. मुलगीही अ म्हणाली. उत्तर पाहिलं तर चौथा पर्याय! क्ष एक असेल तर दोन्ही सारख्या, हे मागाहून सुचलं. पण त्याहून पुढचं, म्हणजे एकाहून लहान संख्येचा वर्ग तिच्याहूनही लहान होतो, हे काही केल्या गळी उतरेना. अर्ध्याला अर्ध्याने गुणलं तर पाव. कागदावर कळत होतं. पण गुणलं आणि कमी झालं? गुणाकार म्हणजे वाढ, हे इतकं आत बसलं होतं की मुलगी म्हणाली, "हें पाठ करपाचें, आनीक कितें?"

सोप्यावर माझे वडील बसले होते. वय त्र्याऐंशी. ऐकू कमी येतं, पण नेमकं नको ते ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "कसलो हिशोब?" मुलीने मोठ्याने सांगितलं, "आजो, पावाक पावान गुणलें जाल्यार कितें?" तिला वाटलं, गंमत करू. वडिलांनी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "पावाचो पाव? एक आणो."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पाव रुपया म्हणजे चार आणे. त्याचा पाव म्हणजे एक आणा, रुपयाचा सोळावा हिस्सा. एक चतुर्थांशाचा वर्ग एक षोडशांश. त्यांना ते आकडे वाटतच नव्हते, त्यांना ते नाणं वाटत होतं. आणि पावलीचा पाव पावलीहून लहान असणार, यात कुणाला आश्चर्य वाटेल?

वडील गावच्या खाजगी मराठी शाळेत चार इयत्ता शिकले आणि मग आजोबांच्या पोसऱ्यावर बसले ते पुढे पंचेचाळीस वर्षं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे अपूर्णांकांचे पाढे त्यांना पाठ. साडेतीनचा पाढा पाठ असलेला माणूस मी त्यांच्यानंतर पाहिला नाही. आणि त्यांनी हिशेब केला तो काळ तरी कसला! ते लहान होते तेव्हा पोर्तुगीज रुपया होता, सोळा टांगांचा, आमच्या घरी टांगाला आणाच म्हणत. मग १९५८-५९ च्या सुमारास एस्कुद आले, एका रुपयाला सहा एस्कुद, आणि एका एस्कुदचे शंभर सेंताव्ह. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला, शंभर नव्या पैशांचा. म्हणजे विशी गाठेपर्यंत या माणसाने तीन चलनांत उधारीची वही चालवली. सोळाचं गणित, मग सहाचं, मग शंभराचं. भात मोजायचं खंडीने, वीस कुडवांची खंडी. नंतर किलो आले. जीआरईच्या पुस्तकात गुणोत्तर आणि प्रमाण नावाचा जो धडा आहे, तो यांनी भुकेल्या गिऱ्हाइकांसमोर उभ्याउभ्या सोडवला होता, कॅल्क्युलेटरशिवाय, आणि चूक झाली तर गुण नव्हे, पैसे जात.

आणि मी म्हणत होतो, आमच्या घराण्यात गणित नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, सांगावी की नाही असं वाटत होतं. मी सातवीत असताना वडील रात्री दुकान बंद करून आल्यावर मला पावकी शिकवायला बसत. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असत. चारपाच रात्री मी बसलो. मग एक दिवस म्हटलं, "बाबा, हे आता कुठे चालत नाही. आमच्या पुस्तकात दशांश आहेत." तेवढ्यावर न थांबता मी हसलोही. त्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री बोलावलं नाही, आणि नंतर कधीच बोलावलं नाही. पुढच्या वर्षी मी खडू घेऊन फळ्यासमोर उभा होतो, आणि तो प्रश्न अपूर्णांकांचाच असावा असा मला आता दाट संशय आहे. घरी येऊन त्यांना सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

वडिलांना सगळंच येतं असं मात्र समजू नका. मुलीने त्यांना क्ष समजावून सांगायचा प्रयत्न केला. "क्ष म्हळ्यार कितें?" तिने सांगितलं, कुठलीही संख्या. ते म्हणाले, कुठलीही म्हणजे कुठली? ती म्हणाली, ते अजून ठाऊक नाही. यावर ते म्हणाले की ठाऊक नसलेल्या रकमेचा हिशेब मांडणाऱ्याला उधार देऊ नये. शंभर रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी महाग केली आणि मग २० टक्के सूट दिली, तर भाव पहिल्याइतकाच होईल का, हे विचारलं तेव्हा मात्र क्षणात म्हणाले, सूट वाढलेल्या भावावर दिली ना? मग दुकानदार चार रुपयांनी बुडाला. (१२० चे २० टक्के २४, उरले ९६.) आमच्या मुलीने 'दोन्ही सारख्या' लिहिलं होतं.

त्या दिवसापासून तिची पद्धत बदलली. तुलनेचा प्रश्न आला की ती समासात चार संख्या लिहिते : शून्य, एक, वजा एक आणि 'पावली'. क्षच्या जागी पाळीपाळीने घालून बघते, अर्थात प्रश्नात चालत असतील त्याच. चौथा पर्याय ती आता पूर्वीपेक्षा कमी निवडते, आणि निवडते तेव्हा शेजारी दोन उदाहरणं लिहिलेली असतात. वेळ अजून पुरत नाही. शक्यतांची गणितं आली की आम्ही दोघंही गडबडतो आणि तिथे आजोही कामाला येत नाही, कारण दोन फासे टाकून येणाऱ्या बेरजेबद्दल त्यांचं एकच मत आहे, की जुगार वाईट. मी डब्याच्या सुट्टीत दोन गणितं सोडवतो. काल दोन्ही चुकली. सहकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला कुठे अमेरिकेला जायचं आहे?" मला नाही जायचं. जी जाणार आहे ती जाऊ नये असंही मधेच वाटतं, आणि मग मी तिची आणखी दहा गणितं तपासून ठेवतो.

गेल्या रविवारी तिने पूर्ण चाचणी दिली. गणितात १५८ आले. जेवताना तिने आजोंना ओरडून सांगितलं, एकशे सत्तरांतले एकशे अठ्ठावन्न! ते म्हणाले, "बाकीचे बारा खंय गेले?" मग तिने प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की गुणांची सुरुवातच १३० पासून होते. सगळं चुकलं तरी १३० मिळतात.

आजोंनी घास खाली ठेवला. "म्हणटकच एकशें तीस फुकट?"

"हय."

थोडा वेळ ते ताटाकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "चाळिसांतले अठ्ठावीस. रुपयांतले अकरा आणे, वयर थोडें." आणि आमटी वाढायला सांगितली.